तो गेला, मी राहिलो



या सदरात आपण एरवी शिष्यवृत्तीचे अर्ज, बचत गटाचे हिशेब, मुलीच्या लग्नातला अनाठायी खर्च अशा व्यवहाराच्या गोष्टी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. तो लिहावा की लिहू नये या विचारात चार वर्षे गेली. घरातले दुःख चारचौघांत मांडून काय मिळवायचे, असे वाटत होते. परंतु गेल्या महिन्यात केडगावला पुण्यानुमोदनाच्या एका कार्यक्रमाहून परतताना एक तरुण माझ्या मोटारसायकलवर मागे बसला होता. त्याचा धाकटा भाऊ अपघातात गेला. गाडी हाच चालवत होता. सक्कर चौकापर्यंत तो काही बोलला नाही. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा हळूच म्हणाला, "काका, लोक मला भेटायला येतात, पाठीवर हात ठेवतात. मला वाटतं, कुणीतरी यांना सांगावं की मीच मारलंय त्याला."

सिग्नल सुटला. मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजू लागले. मी त्याला काहीच उत्तर दिले नाही. घरी आल्यावर मात्र रात्रभर झोप लागली नाही, कारण त्याचे वाक्य माझ्याही ओळखीचे होते.

२०२१ चा एप्रिल आपल्या नगर जिल्ह्याने कसा काढला हे नव्याने सांगावयास नको. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण तोंडात अजून नगरच येते.) नालेगावच्या अमरधाममध्ये रांगा लागल्या होत्या. ऑक्सिजनच्या एका खाटेसाठी आणि रेमडेसिव्हिरच्या एका कुपीसाठी चांगली शिकली-सवरलेली माणसे हात जोडून फिरत होती. आमच्या घरात आई, दादा, वहिनी, पुतण्या, मी, पत्नी आणि आमची दोन मुले असे आठ जण. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, नागापूरच्या एम. आय. डी. सी. त फिटर. वडील लवकर गेले. माझ्या बी. कॉम. ची फी दादाच्या ओव्हरटाइममधून भरली गेली. त्याने स्वतः दहावीनंतर आय. टी. आय. केले ते मला कॉलेजात जाता यावे म्हणून, हे तो कधी बोलला नाही. मला ते माहीत होते.

कार्यालयात मार्चअखेरची बिले तुंबलेली होती. शेजारच्या टेबलावरचे सहकारी दोन दिवस खोकत होते. ९ एप्रिलला मला ताप आला. १३ ला दादाला आला. १४ एप्रिलला जयंती घरातच साजरी करावी लागली. त्याच रात्री आठपासून राज्यात कडक निर्बंध लागू झाले. दादाने अंगात ताप असतानाच बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला. १७ ला त्याला दम लागू लागला आणि तिसऱ्या ठिकाणी कशीबशी खाट मिळाली. मी आतल्या खोलीत पडून होतो. माझा आजार अंगावर निघण्यासारखा होता. त्याचा नव्हता.

२१ तारखेच्या रात्री मी तापाची गोळी घेतली, मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावला आणि झोपलो. पहाटे साडेपाचला उठलो तेव्हा त्यावर दादाचे दोन मिसकॉल होते. एक दोन वाजून पस्तीस मिनिटांचा, दुसरा दोन पन्नासचा. मी परत फोन लावला. तो दुसऱ्याच कुणीतरी उचलला.

दादाचे शेवटचे दर्शन झाले नाही. जलदान विधी घरात चार माणसांत झाला. भंते येऊ शकले नाहीत. त्रिशरण-पंचशील आम्हीच म्हटले. ज्या समाजात दहा गावांची माणसे मातीला येतात, त्या समाजात दादासारखा माणूस कुणाच्याही खांद्याविना गेला. पण मी रडलो तो त्यासाठी नव्हे. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आजार मी आणला. फोन मी उचलला नाही. त्याच्या पैशावर शिकलो आणि त्याने हाक मारली तेव्हा झोपून राहिलो.

पुढे दोन वर्षे मी हे कुणालाही सांगितले नाही. बाहेरून सारे ठीक होते. कामावर जात होतो, सभेत बोलत होतो. फक्त मोबाइल उशाशी ठेवल्याशिवाय झोप येत नसे आणि रात्री अडीचच्या सुमारास आपोआप जाग येई. दादाच्या आवडीची बोंबलाची चटणी ताटात आली की घास घशाखाली उतरत नसे. पुतण्याच्या फीचे पैसे मी भरू लागलो तेव्हा लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. ते ऐकून मला जमिनीत गडप व्हावेसे वाटे. ही मदत नव्हती, दंड भरणे होते, आणि ते फक्त मलाच माहीत होते.

त्याच काळात माझ्या अंगावर एक काम येऊन पडले. कोरोनाने दगावलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ रोजी दिला आणि महाराष्ट्र शासनाचा निर्णय २६ नोव्हेंबरला निघाला. अर्ज ऑनलाइन करावयाचा होता. मृत्यूचे प्रमाणपत्र, चाचणीचा अहवाल, आधार, बँकेचे पासबुक, इतर वारसांचे ना-हरकत पत्र, एवढी कागदे जमवताना चांगल्या माणसाची दमछाक होते, मग जिने कधी बँकेची पायरी चढली नाही तिचे काय? चाचणी झाल्यापासून तीस दिवसांच्या आत झालेला मृत्यू कोरोनाचा धरावा, रुग्ण घरी गेला असला तरी धरावा, अशी तरतूद होती. तीसुद्धा पुष्कळांना माहीत नव्हती. मी कारकून माणूस, कागदाची भीती नाही. रविवारी विहारात बसून अर्ज भरून देऊ लागलो.

तिथे मला एक गोष्ट दिसली. सगळी कागदे पूर्ण असलेल्या बाया सही करताना थांबत. एक भगिनी तर अंगठ्याला शाई लावून तशीच बसली. म्हणाली, "दादा, ह्ये त्यांच्या मरणाचं पैसं. म्या खायचं का?" दुसरीचे म्हणणे असे की, नवऱ्याला गावातल्या डॉक्टरकडेच ठेवले असते तर तो वाचला असता, तिनेच हट्टाने तालुक्याला हलवले. तिसरीने तालुक्याला हलवले नव्हते, घरीच काढा दिला होता, आणि तिला वाटत होते की हलवले असते तर वाचला असता. या दोघी एकाच बाकावर शेजारी शेजारी बसल्या होत्या. मी दोघींचे ऐकले, अर्ज भरले, आणि माझ्या डोक्यात तरीही उजेड पडला नाही!

शिवाय बाईच्या वाट्याला आतला दोष कमी पडतो की काय म्हणून बाहेरचाही येतो. पांढऱ्या पायाची, नवऱ्याला खाल्लं, हे शब्द आपल्या वस्त्यांतूनही गेलेले नाहीत. धर्मांतराला सत्तर वर्षे होत आली तरी सासूच्या तोंडातून ते निघतात, हे लपवण्यात अर्थ नाही. या भगिनींच्या हक्कांसाठी आपल्याच जिल्ह्यातील अकोल्याचे शिक्षक-कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी यांनी पुढाकार घेऊन कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी केली आणि राज्यभरातले कार्यकर्ते त्यात जोडले गेले. शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये या स्त्रियांसाठी मिशन वात्सल्य सुरू केले. पेन्शन, रेशनकार्ड, वारसनोंद ही कामे त्यातून काही ठिकाणी झाली, काही ठिकाणी रखडली. परंतु "मीच मारले" या भावनेचा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यावयाचा, ते कोणत्याही शासन निर्णयात नाही.

आता वहिनीचे सांगतो.

२०२३ च्या जूनमध्ये पुतण्याच्या अकरावीच्या प्रवेशासाठी कागदपत्रे शोधत होतो. लोखंडी पेटीत दादाची फाईल निघाली, आणि खाली त्याचा मोबाइल. पुतण्याने तो चार्जिंगला लावला. चालू झाला. त्याला वडिलांचे फोटो हवे होते. मी मात्र भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण त्यात त्या रात्रीचे दोन कॉल असणार होते. वहिनीने माझ्याकडे पाहिले आणि पोराला दळण आणायला पाठवले. मग मला राहवले नाही. दोन वर्षांत जे बोललो नव्हतो ते सगळे पेटीजवळ बसून बोललो.

वहिनी ऐकत राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, तुम्ही उचलला नाही. मी उचलला होता."

मला कळेना.

"तुम्हाला लागला नाही म्हणून मला लावला. तीन वाजता. म्हणाले, कोरड पडलीय, पाणी द्यायला कुणी येईना. मी म्हणाले, गप पडून ऱ्हावा, बोलू नका, बोलल्यावर दम लागतो. सकाळी डबा देते म्हणाले, अन् ठेवला फोन. मी ठेवला, भाऊजी. त्यांनी नाही ठेवला."

एवढे बोलून ती थांबली. मग पुन्हा म्हणाली, "तुम्हाला वाटतं, फोन उचलला असता तर वाचले असते. मी उचलला की. वाचले का?"

वाचकहो, मी हिशेबाचा माणूस आहे. ताळा जुळत नाही तेव्हा आम्ही पहिल्यांदा हे पाहतो की, एकच रक्कम दोन खात्यांवर तर नावे पडली नाही ना. आमच्या घरात एकच मृत्यू झाला होता आणि त्याची पूर्ण रक्कम माझ्याही खात्यावर होती, वहिनीच्याही. आई रोज सकाळी म्हणते, "मला म्हातारीला ठेवलं अन् त्याला नेलं," म्हणजे तिच्याही खात्यावर होती. पत्नीने नंतर सांगितले की, मला ताप आला तेव्हा तिने दोन दिवस कुणाला कळू दिले नाही, घरात घबराट नको म्हणून. म्हणजे तिच्याही. एका मरणाचे चार मारेकरी एका घरात जेवत होते, एकमेकांना वाढत होते, आणि प्रत्येकाला वाटत होते की गुन्हेगार आपण एकटेच.

असे का होते? मी माझ्या परीने पुष्कळ विचार केला. मला असे वाटते की, अपराधी वाटणे हे असहाय वाटण्यापेक्षा मनाला सोसवते. "मी फोन उचलला असता तर" असे म्हणताना आपण स्वतःला शिक्षा करतो हे खरे, पण त्यात एक छुपी समजूतही असते की, गोष्ट माझ्या हातात होती. ती हातात नव्हतीच, पहाटे चार वाजता ऑक्सिजनअभावी विझत जाणाऱ्या फुप्फुसांना माझ्या हॅलोने काहीही झाले नसते, हे कबूल करणे जास्त भयंकर आहे. त्यापेक्षा माणूस दोष पत्करतो. शिवाय दोष धरून ठेवला की माणूस धरून ठेवल्यासारखे वाटते. दुःख हलके झाले तर दादाशी बेइमानी होईल, अशी मला भीती होती.

हे काही माझे एकट्याचे शहाणपण नव्हे. मूळचे जर्मनीतले आणि नाझींच्या काळात देश सोडावा लागलेले मनोविश्लेषक विल्यम नीडरलँड यांनी अमेरिकेत १९६० च्या दशकात छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यूंना तपासले. ज्यांचा काडीचाही दोष नव्हता, ज्यांच्यावर अत्याचार झाले होते, तीच माणसे "आम्ही का उरलो" म्हणून झोपेतून ओरडत उठत. अत्याचार करणारे मात्र शांत झोपत असावेत! आपल्या शेजारी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला, दीडशेवर माणसे गाडली गेली. त्या सकाळी जे कामाला, शिक्षणाला बाहेर होते ते वाचले. आठ दिवसांनी आम्ही काही कार्यकर्ते धान्य आणि कपडे घेऊन गेलो होतो. तिथे एक माणूस हातात नवी घमेली घेऊन नुसता उभा होता. मला तेव्हा वाटले, हा कशाची तरी वाट पाहतोय. आता वाटते, आपण इथे उभे कसे, हेच त्याला उमगत नसावे.

इथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे. दोष वाटणे निराळे आणि जबाबदारी निराळी. ६ नोव्हेंबर २०२१ चा शनिवार आठवा. भाऊबीजेचा दिवस. सकाळी अकराच्या सुमारास नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या कोरोना अतिदक्षता विभागाला आग लागली. आत सतरा रुग्ण होते. त्या दिवशी अकरा जणांचा मृत्यू झाला. ही माणसे कोरोनाशी झुंजत होती आणि आगीने नेली. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागात आग लागून दहा अर्भके गेली होती. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीची चर्चा झाली, आणि दहा महिन्यांनी नगर घडले.

ज्यांनी आपल्या माणसाला त्या विभागात दाखल केले, त्यांनी काय चूक केली? घरात श्वास घेता येत नाही म्हणून जिल्ह्याच्या सर्वांत मोठ्या सरकारी दवाखान्यात नेले. याहून दुसरे शहाणपणाचे काय करावयाचे होते? तरी "मी तिथे नेले नसते तर" हा विचार कुणाच्याही मनात येईल. तो येणारच. पण विजेच्या तारा, धूर बाहेर जाण्याची वाट, पाण्याचे फवारे, दारावरची माणसे, हे बघण्याचे काम रुग्णाच्या मुलीचे नव्हते. पुढे चौकशी झाली, अधिकारी-कर्मचारी निलंबित झाले, डॉक्टर-परिचारिकांना अटक झाली, परिचारिका रस्त्यावर उतरल्या. त्या प्रकरणात कुणाचा किती दोष, ते ठरवणे न्यायालयाचे काम. माझे म्हणणे एवढेच की, ज्याने प्रेम केले तो स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो, तेव्हा खऱ्या पिंजऱ्याकडे बघायला कुणी उरत नाही. आपली माणसे गप्प बसतात ती पुष्कळदा भीतीने नव्हे, लाजेने. "माझीच चूक" असे मनाशी धरलेला माणूस माहितीच्या अधिकाराचा अर्ज कशाला टाकील?

माझ्या दादाला रात्री तीन वाजता पाणी द्यायला कुणी नव्हते. ते ठिकाण कोणते हे इथे सांगत नाही, तो या लेखाचा विषय नाही. पण हा प्रश्न मला दोन वर्षे पडला नाही, याचे मला आज नवल वाटते. मी माझ्या चार्जरचाच विचार करत होतो.

बाबासाहेबांच्या आयुष्यातला एक प्रसंग धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. जयंतीच्या भाषणांत तो फारसा येत नाही. १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. थोड्याच दिवसांत सुभेदार रामजी अत्यवस्थ असल्याची तार आली. तरुण भीमराव मुंबईला निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून खाली उतरले आणि गाडी सुटली. मुंबईला पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. वडिलांचे प्राण जणू त्यांच्यासाठीच थांबले होते. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी डोळे मिटले.

मिठाईसाठी उतरले! प्रेमापोटीच उतरले. तरी त्या चुकलेल्या गाडीचे काय झाले असेल त्यांच्या मनात? पुढे त्यांनी रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे मातीआड केली. राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला, तेव्हा दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपले मोडलेले मन उघडे केले. २७ मे १९३५ ला माता रमाई गेल्या. ज्या वर्षांत बाबासाहेब परदेशात शिकत होते त्या वर्षांत रमाईंनी काय सोसले, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक होते? आपण त्यांचे पुतळे इतके उंच केले की, तो माणूस रात्री कुणासाठी रडला असेल, हे विचारायचेच राहून गेले. मला तर असे वाटते की, ज्याने मित्राला तसे पत्र लिहिले त्याने आपल्याला एक वाट दाखवली आहे. कुणाला तरी लिहावे. कुणाला तरी सांगावे.

किसा गोतमीच्या मोहरीची गोष्ट आपण प्रत्येक पुण्यानुमोदनाला ऐकतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही शोकग्रस्तांच्या सांत्वनाच्या प्रकरणात विशाखेबरोबर ती आहे. पण सिग्नलवरच्या त्या तरुणासाठी मला पटाचाराची गोष्ट जास्त जवळची वाटते. ती थेरीगाथेच्या अट्ठकथेत येते. पटाचाराचा नवरा सर्पदंशाने गेला. दोन लेकरांना घेऊन ती माहेरी निघाली. वाटेत नदीला पूर. नुकतेच जन्मलेले मूल पैलतीरावर ठेवून ती थोरल्याला आणायला परत फिरली. पाण्याच्या मध्यावर असताना तान्ह्या बाळावर ससाण्याने झडप घातली. ती हात उंचावून, ओरडून त्याला हाकलू लागली, आणि अलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या थोरल्या पोराला वाटले, आई मलाच बोलावते आहे. ते पाण्यात उतरले आणि वाहून गेले.

तिच्या स्वतःच्या हाकेने मूल गेले. पुढे कळले की, माहेरचे घरही वादळात कोसळून आई-बाप-भाऊ गेले. ती वेडी झाली, अंगावर वस्त्र राहिले नाही, लोक तिला दगड-मातीने हाकलू लागले. ती तशीच तथागतांच्या सभेत शिरली. लोक अडवू लागले, तेव्हा तथागत म्हणाले, तिला येऊ द्या. भानावर ये, भगिनी, एवढेच तिला म्हणाले. कुणीतरी आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले. मग ती बोलली आणि त्यांनी ऐकले. तू हाक का मारलीस, असे कुणी विचारले नाही. पूर्वजन्मीचे पाप होते असे सांगणारे आजही चौकाचौकांत बसलेले आहेत. बाबासाहेबांनी तो गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त आपल्या ग्रंथात नाकारला, हे अशा वेळी आठवावे. पुढे हीच पटाचारा थेरी झाली आणि मुले गमावलेल्या कितीतरी बायांना तिने सावरले. तिचे स्वतःचे दुःख संपले होते म्हणून नव्हे, असे मी समजतो. त्या बाया जे बोलतील ते ऐकून ती दचकत नव्हती.

दुःखाच्या घरी गेल्यावर आपण काय करतो? "तुझी काही चूक नाही" असे घाईघाईने म्हणतो आणि विषय बदलतो. त्याने त्या माणसाचे तोंड बंद होते. त्याला त्या रात्रीची हकीकत सांगू द्यावी. तीच तीच चार वेळा सांगितली तरी ऐकावी. खरोखर काही चूक झाली असेल तर तीही बोलू द्यावी, कारण गाडी वेगात होती हे त्या तरुणाला माहीत आहे आणि आपण ते नाकारले तर तो आपल्याला खोटे समजेल. चूक झाली असे म्हणता येते आणि त्याच माणसाच्या हातावर हातही ठेवता येतो. "रडू नको, पुरुष आहेस" हे मात्र कृपा करून कुणी म्हणू नये. आपल्याकडचे पुरुष रडत नाहीत आणि मग संध्याकाळी देशी दारूच्या दुकानासमोर सापडतात.

काही वेळा ऐकणे पुरत नाही. सहा-सहा महिने उलटूनही माणूस तिथेच अडकला असेल, खाणे-झोपणे सुटले असेल, कामावर जाववत नसेल, तर आरोग्यशास्त्र आता त्याला आजार मानते आणि त्यावर उपचार आहेत. "त्याच्याकडे जावेसे वाटते" असे कुणी सहज बोलले तरी ते सहज समजू नये. सरळ विचारावे. विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट सुटतो. शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही. मी स्वतः २०२३ च्या पावसाळ्यात एकदा तिथे फोन केला. पलीकडच्या बाईंचा आवाज तरुण होता. त्यांनी मला उपदेश केला नाही. दादाचे नाव विचारले आणि नंतर बोलताना ते नाव घेत राहिल्या. बाहेरच्या कुणाच्या तरी तोंडून दोन वर्षांनी ते नाव ऐकले.

केडगावच्या त्या तरुणाकडे मी परवाच्या रविवारी जाऊन आलो. अडीच तास बसलो. तो काय बोलला ते इथे लिहिणार नाही. पुन्हा जाणार आहे.

घरात मात्र एक काम राहिले आहे. मी, वहिनी आणि पत्नी, आम्ही तिघे बोललो. आईशी कुणी बोललेले नाही. ती आता शहात्तर वर्षांची आहे. रोज सकाळी चहाची बशी हातात घेऊन म्हणते, "मला म्हातारीला ठेवलं." आम्ही सगळे म्हणतो, "आई, असं बोलू नये," आणि आपापल्या कामाला लागतो. त्या १७ एप्रिलला दादाला रिक्षात बसवताना तिने त्याच्या हातात काहीतरी दिले होते. काय दिले होते ते मी तिला कधी विचारले नाही. उद्या सकाळी चहा झाल्यावर मी कार्यालयात उशिरा जाणार आहे. तसा अर्ज देऊन ठेवला आहे.